सुपरहिरो चित्रपटात ड्रामा आणि ॲक्शन यांचं प्रमाण किती असावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून पटकथा लिहिताय, मित्राला ७० टक्के ॲक्शन हवी आहे, तुम्हाला निम्मं-निम्मं बरं वाटतंय, आणि कोणीतरी एकदाचा आकडा सांगून वाद मिटवावा.

आकडाच हवा असेल तर वॉल्टर मर्च यांचा घ्या. 'ॲपोकॅलिप्स नाऊ'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालेले आणि त्याच चित्रपटाच्या एडिटरांपैकी एक. कट कुठे मारायचा हे ठरवताना ते भावनेला ५१ टक्के देतात, कथेला २३, लयीला १०. प्रेक्षकाची नजर, पडद्यावरची मांडणी आणि जागेचं सातत्य या सगळ्यांत मिळून उरलेले १६. हे आकडे एका कटासाठी आहेत, पटकथेच्या पानांसाठी नाहीत, पण मित्राच्या तोंडावर फेकायला बरे आहेत. मी एकदा फेकले होते. उपयोग झाला नाही.

तेच सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका सुपरहिरो चित्रपटावर असिस्टंट एडिटर होते. नाव सांगणार नाही, ओळखलंत तरी खाली लिहू नका. नायकाची शक्ती अशी की अंगावर बसलेला प्रत्येक फटका तो साठवतो आणि दुपटीने परत करतो. बदल्यात दर वेळी त्याला ऐकू येणं थोडं कमी होतं. ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती, अजूनही आवडते. पण प्रेक्षकाला हे कळायची जागा अख्ख्या चित्रपटात एकच होती. नायक रात्री घरी येतो. बहीण पाठमोरी उभी राहून आवराआवर करत बोलतेय. ती विचारते एक, तो उत्तर देतो भलतंच. ती थबकते. मग मागे न वळता, त्याच आवाजात म्हणते, "दादा, तुझ्या मागे आग लागलीय." तो म्हणतो, "हो, चालेल."

मग ती वळते. संपला सीन. ना स्फोट, ना रडारड. तो सीन मी लावला होता. मुख्य एडिटर सरांनी मला स्वतंत्रपणे लावायला दिलेला तो पहिलाच सीन.

पहिला रफ कट झाला २ तास ५१ मिनिटांचा. आणायचा होता २ तास २० वर. म्हणजे अर्धा तास काढायचा. आता कुठून काढणार? इथे बाहेरच्या माणसाला न दिसणारी गोष्ट सांगते. ॲक्शनचे शॉट व्हीएफएक्सवाल्यांकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवणाऱ्यांकडे, केव्हाच गेलेले असतात. एकेका फ्रेमचे पैसे मोजलेले असतात. क्लायमॅक्समधला पूल कोसळण्याचा एक शॉट आमच्याकडे सतरा वेळा सुधारून आला होता. तो काढू म्हणायची हिंमत टेबलावरच्या कोणातच नव्हती. आणि ड्रामा म्हणजे दोन माणसं, एक खोली, एका दिवसाचं शूटिंग. तो कापायला फुकट. आधी तो कापला जातो, मग तो का कापायला हवा होता याची कारणं शोधली जातात. 'गती मंदावते' हे त्यातलं सगळ्यात आवडतं कारण.

सर म्हणाले, "इथे पाणी साचतंय." मी मर्च यांचे आकडे काढले. सर म्हणाले, "त्यांनी केप घातलेला हिरो कधी कापलाय? लोक मारामारी बघायला येतात, बहीण त्यांच्या घरी आहे." सगळे हसले. सीन गेला.

मग थोड्या लोकांना बोलावून कच्चा चित्रपट दाखवला. क्लायमॅक्समध्ये एक लहान मुलगी नायकाच्या मागून जीव तोडून ओरडते आणि तो वळत नाही. पटकथेतला सगळ्यात मोठा घाव तिथे होता. प्रेक्षकांनी दिलेल्या चिठ्ठ्या मीच वाचून टाइप केल्या. अकरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं की हा वळत का नाही? एकाने लिहिलं होतं, 'हिरो माजलाय.'

त्यावर उपाय काय निघाला असेल? नायकाच्या पाठमोऱ्या शॉटवर नंतर डब केलेलं एक वाक्य: "मला ऐकू येत नाहीये!" कोणाला सांगतोय तो? कोसळणाऱ्या पुलाला? चित्रपटगृहात मी ते तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा लोक हसले.

असो. तुमचा प्रश्न.

ड्रामा आणि ॲक्शन हे दोन वेगळे डबे समजून टक्केवारी मांडणं हीच चूक आहे, आणि ती तुम्ही दोघेही करताय. तुमचा मित्र जास्त करतोय एवढंच. 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मध्ये शेवटी अख्खं शहर उद्ध्वस्त होतं. इमारतींमागून इमारती पडतात आणि पाचव्या इमारतीनंतर मी घड्याळ बघते. २०१६ मध्ये त्याच दिग्दर्शकाने पुढचा चित्रपट केला, 'बॅटमॅन व्ही सुपरमॅन', त्यात सुरुवातीलाच तीच पडझड पुन्हा आहे. फक्त या वेळी ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, जमिनीवरून धावत त्या धुळीत शिरतो आणि वर बघतो. त्या इमारतीत त्याची माणसं आहेत. तेच शहर, तीच लढाई, आणि आता पोटात गोळा येतो. तो चित्रपट पुढे किती फसलाय यावर मी वेगळं उत्तर लिहू शकते, पण ती सुरुवात बघा. एका मिनिटाचीही जास्तीची ॲक्शन न घालता ॲक्शन बदलली. बघणारा माणूस बदलला.

'स्पायडर-मॅन २' (२००४) मधली ट्रेन सगळेच सांगतात, मीही सांगते. सगळी मारामारी होते, तो अंगाच्या चिंध्या करून ट्रेन थांबवतो आणि कोसळतो. मुखवटा नाही. डब्यातले प्रवासी त्याला हातोहात आत घेतात, चेहरा बघतात, हा तर पोरगा आहे म्हणतात. आता सांगा, हे तुमच्या ७० टक्क्यांत मोजायचं की ३० टक्क्यांत?

'सिव्हिल वॉर' (२०१६) मध्ये विमानतळावर सहा विरुद्ध सहा असे बारा जण भिडतात. मजा येते. पण आठवणीत राहते ती शेवटची, तिघांची मारामारी. एकाच्या आईवडिलांना दुसऱ्याने मारलंय आणि तिसऱ्याला ते ठाऊक होतं. बारावरून तीनवर आले आणि चित्रपट मोठा झाला. हे मी सरांना बोलले होते. ते म्हणाले, "आधी बारा होते म्हणून तिघे चालले." उत्तर चांगलं होतं, म्हणून जास्त राग आला.

धीराबद्दल बोलायचं तर १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह पडद्यावर यायलाच सुमारे पाऊण तास लागतो. आज तो पाऊण तास कुठल्या एडिट रूममध्ये वाचेल?

आता कामाचं. पटकथेत 'दोघांमध्ये जोरदार मारामारी होते' असं लिहून पुढच्या पानावर जाऊ नका. तुम्ही लिहिली नाहीत तर ती मारामारी प्रीव्हिजवाले, म्हणजे शूटिंगआधी कॉम्प्युटरवर तिचा कच्चा आराखडा करणारे, लिहितील. ती माणसं हुशार असतात, पण त्यांना तुमच्या नायकाची बहीण माहीत नसते. मारामारीच्या प्रत्येक पानावर त्याला काहीतरी निवडायला लावा. 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये ओलीस ठेवलेल्या दोघांचे दोन पत्ते आणि वाचवायला एकच वेळ, एवढ्यावर सगळा पाठलाग उभा आहे, आणि पत्ते उलटे दिलेले असतात.

दुसरं, आणि हे मला फार उशिरा सुचलं: ज्या माहितीवर क्लायमॅक्स उभा आहे ती सगळ्यात महागड्या शॉटमध्ये पेरा. आमचा बहिरेपणा घरातल्या सीनमध्ये न ठेवता पहिल्या मोठ्या लढाईत ठेवला असता, म्हणजे फटका बसतो, आवाज जातो, मागची गाडी त्याला ऐकू येत नाही, तर तो काढायची कोणाची टाप नव्हती. घरातला सीन वर मलईसारखा राहिला असता किंवा गेला असता, चित्रपट लंगडा झाला नसता. पटकथा लिहितानाच एडिट रूमची भीती बाळगा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी स्वतः पटकथा कधी लिहिलेली नाही, मी दुसऱ्यांच्या कापते. विनोदी सुपरहिरो चित्रपटांना यातलं निम्मं लागू पडत नाही, तिथे लय भावनेच्या पुढे धावते. आणि आमचा चित्रपट चांगला चालला. सर अजून भेटले की तेवढंच विचारतात, "चालला ना?"

आणखी एक. मी लावलेला तो बहिणीचा सीन ३ मिनिटं १० सेकंदांचा होता. ती वळल्यानंतर मी दोघांचे चेहरे आलटून पालटून मिनिटभर ठेवले होते, खाली पियानो. पाणी साचतच होतं. चिठ्ठ्या टाइप केल्या त्या रात्री मी एकटी बसून तो ५५ सेकंदांवर आणला. "हो, चालेल"वर ती वळते आणि तिचा चेहरा दिसायच्या आत कट. फार चांगला झाला होता. चित्रपट लॉक व्हायला, म्हणजे एडिट कायमचं ठरायला, अजून चार दिवस होते. मी तो सरांना दाखवला नाही, कारण दाखवला असता तर आधीचा लांबला होता हे मला त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं.