मुतखड्यावर काय संशोधन व्हावं हे रुग्णाला विचारून काय उपयोग?

तुम्ही विचारलंय, ज्याला संशोधनातलं काही कळत नाही अशा रुग्णाला विषय ठरवायला बसवून काय साधणार? मी मुतखड्याची जुनी रुग्ण आहे, पेशाने शिक्षिका. माझ्या मते बरंच साधतं.

डॉक्टरांच्या लेखी खडा निघाला की काम झालं. पण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या नलिकेत डबल-जे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात. ती नळी आत असेपर्यंत लघवी करताना कळ थेट कमरेत जाते, दोन जिने चढले की लघवी लाल होते, वर्गात एक तास धड उभं राहवत नाही. माझ्या डिस्चार्ज कार्डावर यातलं अक्षरही नव्हतं. ‘स्टेंट प्रत्येकाला लागतोच का, कमीत कमी किती दिवस ठेवला तर चालेल?’ हा प्रश्न ज्याने तो सोसलाय तोच आधी विचारणार.

अमेरिकेत पीकिड्स नावाचा अभ्यास झाला, ८ ते २१ वयाच्या मुलांवर. खड्यासाठी दुर्बीण, बाहेरून लहरी देऊन फोडणं, पाठीतून छिद्र पाडून काढणं, यातलं काय बरं, हे त्यात तपासलं. आखणीतच रुग्ण आणि पालक सोबत होते. म्हणून खडा किती निघाला एवढ्यावर न थांबता मुलांना किती दुखलं, लघवीचा किती त्रास झाला, हेही त्यांनाच विचारलं गेलं.

ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स ही संस्था २००४ पासून वेगवेगळ्या आजारांसाठी हेच करते. रुग्ण, घरचे आणि डॉक्टर आपापले प्रश्न देतात, ज्यांची उत्तरं आधीच मिळाली आहेत ते गाळतात आणि शेवटी एकत्र बसून पहिले दहा निवडतात. औषध कंपन्यांना त्यात मत नसतं. २०१५ मध्ये यावर एक तुलना छापून आली. अशा याद्यांमधल्या प्राधान्यांत औषधांचा वाटा १८ टक्के होता, कंपन्यांच्या चाचण्यांत ८६ टक्के. लोकांना हवं होतं एक, पैसा जात होता दुसरीकडे.

आपल्याकडचं बघा. भरपूर पाणी प्यायल्याने खडा परत होण्याचं प्रमाण पाच वर्षांत २७ वरून १२ टक्क्यांवर येतं, हे इटलीत १९९६ मध्येच दिसलं. पण ज्या शाळेत बाईंना जायला धड संडास नाही, तिथे त्या सकाळपासून पाण्याला हात लावत नाहीत. एसटीच्या वाहक बाईंचं, शेतात खुरपणाऱ्या बाईचंही तेच. ‘पाणी किती प्यावं’ यावर अभ्यास पुष्कळ आहेत. ‘प्यायला जमावं म्हणून काय करावं’ हा आमचा प्रश्न आहे. तसंच कुळथाचं कढण आणि पानफुटी. ओपीडीच्या रांगेत ज्याला विचारावं त्याने घेतलेलं असतं, केस पेपरवर मात्र कुणी लिहीत नाही. त्याने खरंच फरक पडतो का, हे मला अगदी मनापासून जाणून घ्यायचंय.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या आपल्या एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असतो, पण त्याच्यासमोर प्रस्ताव येतो तो सगळं ठरल्यावर. तुम्ही स्वतः प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर आधी एक दिवस ओपीडीच्या बाकावर बसा. बोलणं मराठीत करा, फॉर्म नंतर काढा. आणि रोजंदारीवरच्या माणसाला चर्चेला बोलावलंत तर त्याची त्या दिवसाची मजुरी द्या, नाहीतर आमच्यासारखे पगारी लोकच तेवढे येतील.