क्लॅरनेट माळ्यावर, टाळ देव्हाऱ्यात

पत्र थोडक्यात असं: "आमचं गाव फलटण तालुक्यातलं. अण्णा तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. लग्नं, गणपती, जत्रेचा छबिना, सगळं. त्याबरोबरची दारूही होती. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी माळ घातली. दारू सुटली, मटण सुटलं, पुढची पंधरा वर्षं वारी चुकली नाही. मार्गशीर्षात त्यांना वर्ष होईल. दादाही माळकरी आहे. तो म्हणतो, पुण्यस्मरणाला फक्त कीर्तन, बँडचं नाव काढायचं नाही. अण्णांचे जुने साथीदार म्हणतात, आम्ही येऊन वाजवणार. टाळ देव्हाऱ्यात आहेत, क्लॅरनेट माळ्यावर पडलंय. कॅसेटींचा एक डबा आहे, सुपाऱ्यांच्या वह्या आहेत. आई काहीच बोलत नाही. चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलंय. पण खरं सांगू? लहानपणी ते लग्नसराईत घरी नसायचे, नंतर वारी, सप्ताह, एकादशी. आमच्या वाट्याला ते आले कधी?"

ताई,

दादाचं एक म्हणणं बरोबर आहे. ते आधी मान्य करून टाका, पुढचं बोलणं सोपं जाईल. कीर्तनात बँड नको. वारकरी कीर्तनाची बैठक ठरलेली असते: वीणेकरी, टाळकरी, मृदंग, आधी रूपाचा अभंग, मग निरूपणाचा. त्यात मध्येच क्लॅरनेट घुसवलं तर महाराज अवघडतील आणि वाजवणाराही. पण पुण्यस्मरण म्हणजे फक्त ते दोन तास असं कुणी सांगितलं?

तुमच्याकडे बहुधा कीर्तन दहा ते बारा, बाराला पुष्पवृष्टी आणि मग महाप्रसाद असेल. साथीदारांना प्रसादानंतरची वेळ देऊ नका. हात धुतले की लोक गाडीला किक मारतात आणि वाजवणाऱ्यांसमोर उरतात रिकाम्या पत्रावळी. त्यांना आदल्या संध्याकाळी बोलवा. सहाच्या सुमारास, अंगणात, पाऊण तास. मांडव पडलेला असतो, लेकी-जावई आलेले असतात. माइक लावू नका. क्लॅरनेट, ट्रंपेट आणि साइड ड्रमला अंगणात त्याची गरज नसते, आणि माइक आला की आवाजाची चढाओढ सुरू होते. काय वाजवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, फक्त शेवट अभंगाने करा म्हणावं. छबिन्यापुढे वाजवणाऱ्यांना अभंगाच्या चाली शिकवाव्या लागत नाहीत.

दोन गोष्टी फोनवर आधीच बोलून घ्या, आणि त्या दादाने नाही, तुम्ही बोला. येताना कुणी पिऊन यायचं नाही. आणि वाजवणं फुकट नाही: नारळ, टोपी-टॉवेल आणि येण्याजाण्याचा खर्च पाकिटात. ते नको म्हणतील, तरी द्या.

भजनी मंडळ शेवटच्या अभंगाला साथ करणार असेल तर पट्टी, म्हणजे गायक 'सा' पेटीच्या (हार्मोनियमच्या) कुठल्या सुरावर धरतो ते, आधी विचारून ठेवा. बँडचं क्लॅरनेट बहुतेक बी-फ्लॅटचं असतं, म्हणजे त्याची 'सी' पेटीवर काळी पाचला येते. तुमचा गायक काळी एकला गाणारा असेल तर वाजवणाऱ्याला बोटं बदलावी लागतात. मुरलेला माणूस ते करतो, पण त्याला आयत्या वेळी सांगू नये. क्लॅरनेटचं बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) किंचित बाहेर ओढून सूर उतरवता येतो, चढवता मात्र येत नाही. जुनी पेटी चढी निघाली तर दोघांचं काही केल्या जुळणार नाही. पेटी आदल्या दिवशी सकाळीच लावून पाहा.

आता माळ्यावरचं क्लॅरनेट. खाली काढा, पण लगेच कुणाच्या हातात देऊ नका. त्याचे पाच भाग असतात: तोंडाला लावायचा माउथपीस, बॅरल, वरचा नळा, खालचा नळा आणि शेवटचा भोंगा. जोडांवरचं बूच सुकलेलं असणार. जोर लावून बसवलं तर बूच फाटतं किंवा लाकूड तडकतं. वाद्यांच्या दुकानात बुचाला लावायचं ग्रीस मिळतं, ते मुगाएवढं लावा आणि हलकं फिरवत बसवा. खोबरेल नको, यंत्राचं तेल तर मुळीच नको. ते चाव्यांखालच्या गाद्यांत मुरतं आणि गाद्या चिकटतात. गाद्यांना कसर लागलेली असेल तर त्या दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बदलून घ्या. चाव्या चमकवायला पितळ घासायची पावडर वापरू नका, ती स्प्रिंगांत अडकते. माउथपीस कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने त्याचं एबोनाइट (कडक रबर) हिरवट-तपकिरी पडतं आणि वाकतंही. धुताना त्याची वरची बाजू पाहा. वरचे दात टेकून टेकून तिथे दोन खाचा पडलेल्या असतील. त्या घासून सपाट करू नका.

साथीदारांपैकी कुणी अण्णांचंच क्लॅरनेट वाजवणार असेल तर ते पंधरा दिवस आधी त्याच्याकडे पोचवा. वाद्य लाकडाचं असेल तर वर्षभर कोरडं पडलेलं लाकूड एकदम तासभर फुंकलं की आतून ओलं आणि बाहेरून सुकं राहतं, आणि उभी चीर जाते. रोज दहा मिनिटं, वाजवून झालं की आतून कापड फिरवून पुसायचं. रीड, म्हणजे माउथपीसला लावायची पातळ पात, नवी घ्या. जुनी बुरसलेली असेल, ती क्लॅरनेटच्या डब्यात तशीच राहू द्या.

कॅसेटींच्या बाबतीत घाई हाच धोका. पहिलं काम, प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. घरातला जुना टेप थेट वापरू नका. त्याचा रबरी पट्टा ताणून ढिला झालेला असतो, गाणं डुलतं किंवा फीत गुंडाळली जाते. दुरुस्त केलेला डेक मिळवा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. फितीमागची स्पंजाची गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. फीत मात्र चांगली असते, ती दुसऱ्या कवचात घालता येते. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी साउंड कार्डने लॅपटॉपवर घ्या, डब्ल्यूएव्हीमध्ये. तासाला साधारण ६०० एमबी लागतात. खरखर काढायची असेल तर ती वेगळ्या प्रतीवर काढा, मूळ तसंच ठेवा. आणि प्रत्येक बाजू शेवटपर्यंत चालू द्या. जुन्या कॅसेटवर नंतर हरिपाठ भरलेला असेल तर तो संपल्यावर शेपटीला आधीचं वाजवलेलं उरलेलं असतं. बहुतेक लोक हरिपाठ संपला की बटण दाबतात.

आता तुमचा खरा प्रश्न, वाट्याला कधी आले हा. त्यासाठी सुपाऱ्यांच्या वह्या घ्या, शेजारी जुनी पंचांगं किंवा फोनवरचं कॅलेंडर ठेवा. लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत. पुढचे चार महिने लग्नं नाहीत. म्हणजे बँडवाल्याच्या घरात बाप असतो तो आषाढीनंतर कार्तिकापर्यंत, मधले गणपतीचे दिवस सोडून. तुम्ही आठवताय ते उन्हाळे. श्रावण आठवून पाहा. ओट्यावर बसून रीड काचेवर घासणारा माणूस, शाळेतून आल्यावर घरात असलेला माणूस, असं काही निघतं का बघा. नाही निघालं तर ओढूनताणून काढू नका. हिशेब जुळत नसेल तर न जुळलेलाच ठेवा. तक्रार खरी असेल तर ती वर्षश्राद्धाने फिटत नाही.

मग माळ घातल्यानंतरच्या वह्या उघडा. माउलींची पालखी आळंदीहून निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला, आणि तिथून एकादशीपर्यंतच्या अठरा-वीस दिवसांतच हंगामाच्या शेवटच्या तिथी असतात. वारीला गेलेला बँडवाला त्या सुपाऱ्या सोडतो. माळ घातल्यावरही ते काही वर्षं वाजवत असतील तर त्या पानांवर कोरी जागा दिसेल, किंवा आगाऊ घेतलेले पैसे परत केल्याची नोंद. दिंडीच्या भिशीची (वर्गणीची) पावती सापडली तर शेजारी ठेवा. अण्णांची श्रद्धा खरी होती की दारू सोडायला घेतलेला आधार होता, असा वाद कुणी काढलाच तर ती कोरी पानं दाखवा. माझ्या मते तो वाद निरर्थक आहे. गावोगाव लोकांनी दारू सोडायला माळ घातलीय आणि माळेने त्यांना धरून ठेवलंय. कुठलं आधी, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

दादाला संगमनेरच्या अनंत फंदींची (१७४४–१८१९) आठवण करून द्या. तमाशाच्या फडावरचा नावाजलेला माणूस. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. त्यांचे फटके (उपदेशाच्या कविता) शाळेत शिकवताना त्यांचा फड कुणी लपवला नाही. वारकऱ्यांना तर प्रपंच सोडून आलेला माणूस कधी हवाच नव्हता. नामदेव शिवणकाम करणारे, तुकोबा वाणी, सावतोबा माळी, आणि त्यांचा धंदा त्यांच्या नावाला चिकटून राहिला.

आईला "अण्णा कसे होते?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "चांगले होते" एवढंच येतं. तिच्यासमोर वही ठेवा आणि एक गाव वाचा. इथे किती दिवस गेले होते, पैसे काय आणले, आल्यावर काय खाल्लं. फोनचं रेकॉर्डिंग तिला सांगून चालू करा, अर्ध्या तासावर नेऊ नका. दारूबद्दल बोलायचं की नाही हे तिने ठरवायचं. तिने हो म्हटलं तर तुमच्या भाषणात एकच वाक्य, सुरुवातीला किंवा शेवटी नाही, मधे. भाषण पाच मिनिटांचं, कागदावर साधारण पाचशे शब्द, आणि तेही आदल्या संध्याकाळी, वाजवणं सुरू व्हायच्या आधी. साथीदारांची नावं वाद्यासकट घ्या. 'आदर्श', 'प्रेरणास्थान' असले शब्द काढून टाका, ते फ्लेक्सवर येणारच आहेत.

राहिली पत्रिका. दादा नावाआधी ह.भ.प. लावेल. लावू द्या, पंधरा वाऱ्या केलेल्या माणसाचा तो हक्क आहे. खाली कंसात 'क्लॅरनेट मास्तर' एवढं छापा. माणदेशातल्या ज्या गावांत ते वाजवायला जायचे तिथे त्यांचं आडनाव कुणाला माहीत नसेल, त्या दोन शब्दांवरून लोक ओळखतील. आठ दिवस आधी छपाईला द्या, आणि द्यायच्या आधी मजकूर आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.