सोप्यावरचा पतंग आणि ओकवरचा

प्रश्न : सोप्यावर दिव्याखाली सुक्या पानासारखा पतंग बसला होता. केरसुणी लागताच पंख उघडले, तर आत भगवा रंग! लेक म्हणते, पुस्तकात असाच एक आहे आणि तो ओकची पानं खातो. आमच्याकडे ओक कुठला? – एक वाचक, वाळपई

उत्तर : लेकीची नजर चांगली आहे, पतंग तेवढा वेगळा. पुस्तकातला तो कॅटोकाला. ग्रीकवरून घडवलेल्या या नावाचा अर्थच ‘खालून सुंदर’. युरोपात ओकवर वाढणाऱ्या एका जातीचे मागचे पंख किरमिजी, त्यांवर काळे पट्टे. १७६७ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने तिला ‘स्पॉन्सा’ म्हटलं, म्हणजे नवरी. शालू मात्र सालीच्या रंगाच्या पुढच्या पंखांखाली झाकलेला.

पानं खाते ती अळी. मादी ओकच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. ती अख्खा हिवाळा तशीच राहतात आणि ओकला पालवी फुटायच्या सुमारास अळ्या बाहेर येतात. दिवसा अळी फांदीला चिकटून पडते. कडेच्या केसांच्या झालरीमुळे तिची सावलीसुद्धा पडत नाही, मग पाखरांना दिसणार काय?

आपल्या सह्याद्रीत रानटी ओक नाही. त्याच्यासाठी हिमालय गाठावा लागेल. तुमचा पाहुणा युडोसिमा असावा. मागच्या पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असेल तर त्यातली मॅटर्ना ही जात, स्वल्पविरामासारखा डाग असेल तर फॅलोनिया. त्याची अळी गुळवेलीवर, म्हणजे आपल्या अमृतवेलीवर वाढते. फोंड्याला आमच्या कुंपणावरची वेल एका श्रावणात निम्मी फस्त झाली होती. आईच्या काढ्याची वेल ती, आणि अळ्यांना हात लावू न देणारा मी. पुढचं सांगत नाही. डिवचलं की अळी अंग वाकवते आणि कुशीवरचे डोळ्यांसारखे ठिपके समोर येतात. पहिल्यांदा मीच हात मागे घेतला.

भगव्या रंगाचं कामही तेच. चोच मारायला आलेलं पाखरू क्षणभर दचकतं आणि पतंगाला तेवढं पुरतं. पंख मिटले की पुन्हा सुकं पान.

बागायतदारांना मात्र त्याचं कौतुक नाही. कॅटोकाला झाडाच्या पाझरत्या रसावर भागवतो. याची सोंड काटेरी आणि टणक, संत्र्याची साल सरळ भोसकते. मग त्या भोकापासून फळ कुजायला लागतं.

घराजवळ अमृतवेल असली तर लेकीला पानं उलटून बघायला सांगा. कडा कुरतडलेल्या दिसल्या तर अळी लांब नसेल.