सहा वर्षांच्या पोरीला कीबोर्डवर ओळखीचं गाणं कसं शिकवू?
ताई, नोटेशनचं पुस्तक सध्या राहू द्या. मी इथे धरमपेठेत पोट्ट्यांना शिकवते, सगळ्यांना पहिले हॅपी बर्थडेच पाहिजे असतं, पण त्यात तिसऱ्या ओळीला खालच्या प वरून डायरेक्ट वरच्या प वर उडी आहे, इवलासा हात पुरत नाही न मग रडारड. ट्विंकल ट्विंकल घ्या: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सा, तिथे उजव्या हाताचा अंगठा, पुढच्या एकेका पांढऱ्या पट्टीवर एकेक बोट, म्हणजे करंगळी प वर येते, ध आला की करंगळी एक पट्टी पुढे सरकवायची बस. आधी टाळी देत गाऊन घ्या, मग एकच ओळ. पट्ट्यांवर स्टिकर नका लावू, पोरं मग स्टिकरच पाहून राहतात. डाव्या हाताची घाई तर बिलकुल नको.