'सेट'चे एवढे अर्थ पाठ कसे करायचे?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. परवा एका धड्यात सेट हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. डिक्शनरी काढली तर पानभर अर्थ, ते बघून ती रडकुंडीलाच आली आणि मलाही काही सांगता येईना. हे सगळं पाठ करायचं का? (एक आई, सांगली)

उत्तर : नाही ताई, पाठ अजिबात करायला लावू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत नुसत्या सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. नंतर रन त्याच्याही पुढे गेलं, ६४५ अर्थ, आणि ते नीट मांडायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले. कुठल्याच इंग्रजाला हे पाठ नसतं.

मुलीला एकच सांगा, सेट म्हणजे बसवणे. सिट म्हणजे बसणे आणि सेट हे त्याचंच प्रयोजक, आपलं बसणे-बसवणे आहे तसं. घरात खड्याची अंगठी असेल तर तिच्या हातात द्या. सोनाराने खडा ठेवून भोवतीचे बारीक दात आत वळवून दाबलेले असतात, नखाने ढकलून बघायला सांगा, खडा हलत नाही. सुटी वस्तू तिच्या जागी पक्की झाली, हेच सेट. हे डोक्यात बसलं की पुढचं तिचं तीच लावेल. डॉक्टर हाड सेट करतात, आपणही हाड बसवलं असंच म्हणतो. सिमेंट सेट होतं, जेली सेट होते, पातळ होतं ते घट्ट बसलं. परीक्षेची तारीख सेट झाली म्हणजे ती आता हलत नाही, आणि सूर्यसुद्धा सेट होतो, दिवसभर चालून शेवटी खाली बसतो.

जिथे बसवणे जमत नाही तिथे लावणे घालून बघा. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, दही लावलं, चारही ठिकाणी इंग्रजीत सेट चालतं.

राहिला कपबश्यांचा सेट, तो मात्र मुळात दुसऱ्या घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिनमधला सेक्टा, म्हणजे एकाच्या मागून जाणाऱ्यांचा गट, पंथाला इंग्रजीत सेक्ट म्हणतात तोही तिथलाच. गणितातला संच याच अर्थाचा. पुढे दोन्ही शब्द दिसायला सारखे झाले आणि एकमेकांत मिसळले.

आणि मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सिट, सेट आणि संस्कृतमधला सद् धातू एकाच जुन्या मुळातून आलेत. सदन, परिषद, संसद, सगळीकडे तेच बसणं आहे. मुलीला हे जरूर सांगा, परका वाटणारा शब्द एकदम नात्यातला वाटायला लागतो.

प्रश्न : मराठीत असा घोळ नाही, एका शब्दाला एक अर्थ. इंग्रजीच अशी का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, वर मी नऊ महिने लागले असं लिहिलंय, ते वाचताना तुम्ही अडलात का? नसणार. पण आपलं लागणे बघा ना, सकाळी भूक लागते, चहा गोड लागतो, कामावर जावं लागतं, वाटेत ठेच लागते, बँकेत रांग लागते, पोराला नोकरी लागते, बाळ रडू लागतं, शेजारची बाई आपली मावशी लागते. आपण हे लहानपणापासून ऐकतो म्हणून जाणवत नाही.

आमच्या शेजारी चेन्नईहून आलेली एक ताई मराठी शिकतेय. एकदा कामावर जायला उशीर झाला तर तिने फोनवर सांगितलं, डोळ्याला लागलं. तिला म्हणायचं होतं डोळा लागला. संध्याकाळी दोन मैत्रिणी काळजीने घरी, डोळा कसा आहे बघायला. तेव्हापासून ती वहीत सुटा शब्द लिहीत नाही, अख्खं वाक्य लिहिते. डोळा लागला हे एका ओळीत, डोळ्याला लागलं हे खालच्या ओळीत, आणि पुढे कोण कधी म्हणालं ते. सांगलीच्या ताई, तुमच्या मुलीला सेटसाठी अशीच एक वही करून द्या, पहिलं वाक्य त्या अंगठीचं.