मेमोरियल डेला मुलांना कुठे न्यावं, काय सांगावं

मे महिन्यातला शेवटचा सोमवार, म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डे, आपल्या बहुतेक घरांत बार्बेक्यूचा, नाहीतर लांबच्या सहलीचा असतो. सहल जरूर करा. पण शाळेतून आलेलं मूल विचारतं, "आई, हे मेडल कशासाठी देतात?" तेव्हा उत्तर तयार हवं. शंभर वीरांची यादी वाचून दाखवली तर मुलांच्या डोक्यात काहीच उरत नाही. एकच सैनिक निवडा, त्याने नेमकं काय केलं ते वाचा आणि जमलं तर त्याच्या स्मृतिशिळेपाशी जाऊन या.

आधी बोलण्याबद्दल. हा दिवस युद्धात प्राण गमावलेल्यांचा. सेवा केलेल्या सगळ्यांचा दिवस ११ नोव्हेंबरला असतो, व्हेटरन्स डे. म्हणून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हॅपी मेमोरियल डे' टाकू नका. आपण ज्यांना वीरमाता, वीरपत्नी म्हणतो, त्यांच्या कुटुंबांना इथे 'गोल्ड स्टार' कुटुंब म्हणतात. असं कोणी शेजारी असेल तर गेलेल्या मुलाचं नाव घेऊन बोला. नाव टाळलं की त्या माउलीला जास्त लागतं.

पदकांत सगळ्यांत जास्त घोळ होतो. मेडल ऑफ ऑनर सर्वोच्च. त्याखाली लष्कराचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, नौदलाचा नेव्ही क्रॉस आणि हवाई दलाचा एअर फोर्स क्रॉस एका पायरीवर, मग सिल्व्हर स्टार. ब्राँझ स्टारच्या फितीवर छोटं 'व्ही' अक्षर असेल तरच तो शौर्याचा, नसेल तर चांगल्या कामगिरीचा. पर्पल हार्ट शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला किंवा मारला गेलेल्याला मिळतं. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये पर्पल हार्टखाली 'शौर्यपदक' लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून घ्या. आणखी एक, 'पदक जिंकलं' असं लिहू नका. ती काही शर्यत नव्हे. 'पदकाने गौरवलं' हेच बरोबर.

निवडायला एक नाव सुचवतो: सदाओ मुनेमोरी. लॉस एंजेलिसचा, जपानी आईबापांचा मुलगा. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या महिनाभर आधी स्वतःहून सैन्यात गेला. पुढे त्याच्या घरच्यांना त्याच्याच सरकारने मँझनारच्या छावणीत डांबलं. ५ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेराव्हेझाजवळ त्याने एकट्याने हातबॉम्ब टाकून दोन मशीनगन बंद पाडल्या. परत येताना एका खड्ड्यात त्याचे दोन साथीदार दडलेले होते. शत्रूचा हातबॉम्ब त्याच्या हेल्मेटवर आपटून त्यांच्याकडे घरंगळला. त्याने त्यावर झेप घेऊन स्फोट अंगावर घेतला. दोघे वाचले. १९४६ साली मेडल ऑफ ऑनर त्याच्या आईच्या हाती देण्यात आलं. कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांनी महामार्ग ३९५ वरचं मँझनार मुलांना जरूर दाखवावं. छावणीची जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे.

मुनेमोरीच्या त्या झुंजीनंतर चारच दिवसांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतच सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव लढत होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे. गोळीबारात, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यापार नेलं. मग मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले, हाताला जखम झाल्यावर हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. या दोघांच्या गोष्टी मुलांना एकाच बैठकीत सांगा.

आता प्रत्यक्ष भेट. राजधानी वॉशिंग्टनजवळ असाल तर आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमी. मेट्रोच्या ब्लू लाइनवर तिथलं स्टेशन आहे. दफनभूमीत पाण्याची बाटली चालते, खाणं नाही. पोळीभाजीचा डबा बाहेर येऊन उघडा. अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी एप्रिल ते सप्टेंबर दर अर्ध्या तासाने पहारा बदलतो, एरवी तासाने. पहारेकरी २१ पावलं चालतो, २१ सेकंद थांबतो. मुलांना मोजायला सांगा, पण मनातल्या मनात. बोलणाऱ्यांना तो मोठ्याने ताकीद देतो.

शिळा वाचायला शिकवा. मेडल ऑफ ऑनरवाल्यांची अक्षरं सोनेरी असतात. 'पीएच' म्हणजे पर्पल हार्ट, 'बीएसएम' म्हणजे ब्राँझ स्टार. विभाग ४६ मधली, दुसऱ्या महायुद्धात मेडल ऑफ ऑनरने गौरवलेल्या ऑडी मर्फीची शिळा मात्र साधी आहे, सोन्याशिवाय, आणि ती त्याच्याच इच्छेने. शिळेवरची नाणी उचलू देऊ नका: पेनी म्हणजे कोणी भेटून गेलं, निकेल म्हणजे प्रशिक्षण सोबत झालं, डाइम म्हणजे सेवा सोबत केली, क्वार्टर म्हणजे मृत्यूच्या वेळी ठेवणारा जवळ होता. तुम्ही ठेवायचं तर पेनीच.

हात जोडा, सुटी फुलं ठेवा. हळद-कुंकू मात्र नको. संगमरवर सच्छिद्र असतो, हळद आत मुरते आणि निघत नाही. डाग दिसला म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावलं तर आम्लाने दगडच झिजतो.

घरी झेंडा लावत असाल तर त्या दिवशी आधी झपकन वर, मग हळू अर्ध्यावर, दुपारी १२ ला पुन्हा पूर्ण वर. भिंतीवरच्या तिरक्या काठीला अर्ध्यावर आणता येत नाही, तिथे काळी फीत बांधतात. मंडळाच्या कार्यक्रमात तिरंगा आणि अमेरिकी झेंडा वेगवेगळ्या काठ्यांवर, एकाच उंचीवर हवेत. एकाच काठीवर वर-खाली कधीच नाहीत.

दुपारी ३ ला, ज्याच्या त्याच्या स्थानिक वेळेने, देशभर एक मिनिट स्तब्धता पाळतात. २००० सालच्या कायद्याने ती ठरवली आहे. फोनवर २:५८ चा गजर लावून ठेवा. गाडीत असाल तर गाणी बंद करा आणि ज्याचं नाव निवडलं होतं ते मुलाला एकदा मोठ्याने घ्यायला सांगा.