पार्किंगची खोली आणि चार लाखांचा हप्ता

इंदिरानगर, नाशिक येथील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ६१ असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीतून ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. २००६ मध्ये घेतलेल्या रो-हाऊसचे कर्ज केव्हाच फिटले आहे, आणि दोन-तीन वर्षांत ते विकून पुण्यात मुलाजवळ फ्लॅट घ्यावा असा त्यांचा विचार आहे. त्याआधी घरापुढचे सुमारे १८० चौरस फुटांचे पार्किंग बंद करून तिथे संडास-बाथरूमसह खोली काढावी, असे एका ठेकेदाराने सुचवले आहे. खर्च सात लाख, आणि तो मुदत ठेव मोडून करायचा आहे. ‘इथे चौरस फुटाला सहा हजारांचा भाव आहे, म्हणजे खोलीचे जवळजवळ अकरा लाख येतील, शिवाय सिंहस्थात ती भाड्यानेही देता येईल,’ असा हिशेब त्यांनी मांडला आहे. प्रश्न एकच आहे: पार्किंग राहिले नाही म्हणून पुढे गिऱ्हाईक बिचकेल का?

बिचकेल, आणि त्याच्याआधी त्याची बँक बिचकेल. रो-हाऊस घेणारा माणूस बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेतो. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेचा मूल्यांकनकार महापालिकेचा मंजूर नकाशा हातात घेऊन घरी येतो आणि नकाशातल्या प्रत्येक चौकोनाशी जागेवरचे बांधकाम ताडून पाहतो. नकाशात जिथे पार्किंग लिहिले आहे तिथे पलंग आणि कपाट दिसले, तर त्या जागेची किंमत तो धरत नाही, आणि विसंगती अहवालात लिहितो. त्यानंतर काही बँका कर्जाची रक्कम कमी करतात, तर काही फाइलच परत पाठवतात. चौरस फुटाचा भाव मंजूर बांधकामाला मिळतो. ठेकेदाराने सहा हजारांना १८० ने गुणले, कारण गुणाकार करायला त्याला काही खर्च येत नाही.

आता गिऱ्हाईकाकडून पाहा. त्याच पैशात अधिक मोठा फ्लॅट मिळत असताना माणूस रो-हाऊसकडे वळतो, तो स्वतःचे फाटक, वरची गच्ची आणि आत उभी राहणारी गाडी यांच्यासाठी. कॉलनीच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असताना आपले पार्किंग शाबूत असणे हीच विक्रीच्या वेळची जमेची बाजू आहे. खोली झाल्यावर ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांना विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचे आहे असेच गिऱ्हाईक उरतील, आणि ते घासाघीस करूनच घेतील. बाकीचे लोक ती खोली पाडून पुन्हा पार्किंग करण्याचा खर्च किमतीतून वजा करतील.

बांधकामाची एक अडचणही आपण मोजपट्टी घेऊन तपासावी. मुख्य घराचे जोते जमिनीपासून दोन-तीन पायऱ्या वर असते, पण पार्किंगची फरशी गाडी चढावी म्हणून रस्त्याच्या पातळीला, आणि तीही रस्त्याकडे उतार देऊन केलेली असते. तिथे खोली केली तर पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि संडासाच्या पाइपला चेंबरपर्यंत पुरेसा उतार मिळत नाही. हे टाळण्यासाठी फरशी दीड फूट उचलली, तर वरच्या स्लॅबखालची उंची कमी होते, आणि राहत्या खोलीला नियमाने किमान पावणेतीन मीटर उंची लागते. रितसर मार्गही आहे: वास्तुविशारदामार्फत सुधारित नकाशा दाखल करायचा, शिल्लक एफएसआय, म्हणजे प्लॉटवर अजून किती बांधकाम करता येते ते, दाखवायचे, गाडीची जागा आवारात दुसरीकडे काढून द्यायची आणि शुल्क भरून मंजुरी घ्यायची. लहान प्लॉटवर हे क्वचितच जमते. परवानगीशिवाय केले, तर महापालिका नोटीस देऊ शकते आणि मालमत्ता करावर शास्तीही लावू शकते. विक्रीच्या ऐन वेळी अशी नोटीस कपाटात असणे फार महागात पडते.

सिंहस्थाच्या भाड्याचे गणित तर दोन ओळींचे आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन गेल्या. २०२७ मध्येही गर्दीचे दिवस मोजकेच असतील. रोज तीन हजार रुपये देणारा यात्रेकरू सलग महिनाभर मिळाला, असे उदारपणे धरले तरी ९० हजार होतात. खर्च सात लाख आहे.

तेव्हा खोली करू नका. मात्र आपल्या पत्रातील खरी काळजीची गोष्ट खोली नव्हे, तर आपण सहज जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे: ‘बँकेतल्या मॅडमनी करून दिलेल्या दरवर्षी चार लाखांच्या गॅरंटीड ठेवीचा चौथा हप्ता दोन महिन्यांनी आहे.’ सोबत पाठवलेल्या कागदावरून दिसते की ही ठेव नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. हप्ता दहा वर्षे भरायचा आणि बाराव्या वर्षअखेरीपासून दहा वर्षे दरवर्षी सात लाख घ्यायचे, असा तिचा करार आहे. म्हणजे ५८ व्या वर्षी, नोकरी संपल्यावर आणि पगार बंद झाल्यावर, आपल्याला वयाच्या ६७ पर्यंत दरवर्षी चार लाख भरण्याच्या बंधनात अडकवण्यात आले. बँकेच्या काउंटरवर विकले म्हणून विमा ठेव होत नाही, आणि हे विकणाऱ्या व्यक्तीला नीट ठाऊक असते.

‘चाळीस लाखांचे सत्तर लाख, तेही करमुक्त’ हे वाक्य ऐकायला छान आहे. पण पहिला हप्ता आणि शेवटची रक्कम यांच्यात एकवीस वर्षे आहेत. परतावा काढला तर तो वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो, म्हणजे साध्या मुदत ठेवीपेक्षाही कमी. करमुक्ततेचे तर आपल्याला काहीच अप्रूप असू नये, कारण वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास उत्पन्न असणाऱ्या माणसाला तसाही आयकर लागत नाही.

आता घरखर्चाचा ताळेबंद, मोठ्या आकड्यांत. निवृत्तीच्या वेळी ५५ लाख मिळाले. मुलीच्या लग्नात दहा गेले, तीन हप्त्यांत बारा गेले, तीन वर्षांच्या संसारात सुमारे नऊ गेले, आणि आज २४ लाख मुदत ठेवींत आहेत. सात टक्क्यांनी त्यांचे व्याज पावणेदोन लाखांच्या आत येते. ईपीएफओचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेचे, महिना साडेतीन हजारांचे निवृत्तिवेतन धरून एकूण आवक दोन लाख दहा हजार. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला पाच लाख ४० हजार, आणि त्यावर चार लाखांचा हप्ता. दरवर्षी सात लाखांहून अधिक रक्कम मुद्दलातून जाते. या वेगाने २४ लाख तीन वर्षांत संपतील आणि त्यातून सात लाखांची खोली केली तर दोन वर्षांत. घर ‘दोन-तीन वर्षांत’ विकण्याची घाई आपल्याला का वाटू लागली, याचे उत्तर बहुधा या आकड्यांतच आहे. मुलाजवळ राहण्याची ओढ खरी असेलच, पण तिला मुदत घातली आहे ती पॉलिसीच्या हप्त्याने.

म्हणून चौथा हप्ता भरू नका. पॉलिसी मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर तीन वर्षांनंतर भरलेल्या रकमेच्या सुमारे ३५ टक्के, म्हणजे बारा लाखांतले चार-सव्वाचार लाख हाती येतील. त्याऐवजी ती ‘पेड-अप’ करावी, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी लाभावर चालू ठेवावी. दहापैकी तीन हप्ते भरले आहेत, त्यामुळे लाभही साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे सात लाखांऐवजी वर्षाला दोन लाख दहा हजारांपर्यंत येतील. आज हाती पडणाऱ्या सव्वाचार लाखांपेक्षा सत्तरीनंतर दहा वर्षे मिळणारी ही रक्कम कितीतरी उजवी आहे. अटी पॉलिसीगणिक बदलतात, म्हणून कंपनीच्या शाखेतून सरेंडर आणि पेड-अप हे दोन्ही आकडे लेखी मागवा; तोंडी उत्तर स्वीकारू नका. ‘आता सोडली तर नुकसान होईल’ असे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले जाईल. नुकसान झालेलेच आहे, ते आणखी २८ लाखांनी वाढवायचे नाही.

त्याच वेळी आपण सही केलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रतही मागवा आणि ‘वार्षिक उत्पन्न’ व ‘व्यवसाय’ हे रकाने वाचा. निवृत्त माणसाच्या अर्जावर तिथे पंधरा लाखांचा व्यवसाय दाखवलेला असला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. ती फेटाळली गेली किंवा ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे वकील लागत नाही.

हप्ता थांबल्यावर ठेवींची मुदत जशी संपेल तसे वीस लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. तिचा सध्याचा दर ८.२ टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार. चार लाख अडीअडचणीसाठी बँकेतच ठेवा. एवढे करूनही वर्षाला तीन लाखांची तूट राहते आणि मुद्दल पाच-सहा वर्षेच टिकते, हे स्पष्ट सांगायला हवे. घर कधी ना कधी विकावे लागेलच. आपले खरे निवृत्तिवेतन त्या घरातच आहे, आणि म्हणूनच त्याचा मंजूर नकाशा आणि जागेवरचे बांधकाम जुळलेले राहणे इतके महत्त्वाचे आहे.

विकताना दलालाने सांगितलेले ९० लाख विसरा आणि ७८ लाख धरा. ती सगळी रक्कम पुण्यातील फ्लॅटमध्ये घातली, तर राहायला छान घर असेल आणि खायला मुलाकडे पाहावे लागेल. नव्या घराची मर्यादा, मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली सगळे धरून, ४५ लाख ठेवा. शहर नाशिक असो वा पुणे. नवे घर घेतल्याने भांडवली नफ्यावरचा कर बराचसा सुटतो, तरी आकडा सनदी लेखापालाकडून काढून घ्या. तीसेक लाख उरतील, ते आताच्या शिल्लक ठेवींत मिळवले की सत्तरीपर्यंतचा रस्ता दिसू लागतो. मुलाशी हे आकडे घेऊन आताच बसा, कारण पत्रात त्याचा उल्लेख फक्त पत्ता म्हणून आला आहे. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपला असेल, तर तोही विषय त्याच बैठकीत घ्या.

ठेकेदाराला इसार म्हणून २५ हजार दिल्याचे आपण लिहिले आहे. परत मिळाले तर घ्या. तो देणार नसेल, तर तेवढ्या रकमेचे गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्याच्याकडून करून घ्या आणि बिल जपून ठेवा.